हनुकाचा दिवा वापरायचा नसतो

डिसेंबर आला की नऊ दिव्यांच्या त्या मेनोराचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो आणि खाली कोणीतरी हमखास टाकतंच, "ही ज्यू लोकांची दिवाळी बरं का". नातेवाईक अमेरिकेत असतील तर ते म्हणतात हा त्यांचा ख्रिसमस. दिवे आहेत, तळलेले पदार्थ आहेत, पोरांना खाऊचे पैसे मिळतात, तेव्हा असं वाटणं साहजिकच आहे. पण धर्माच्या हिशोबाने बघितलं तर हनुका हा तसा धाकटा सण. तोराहमध्ये, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, त्याचं नावसुद्धा नाही. आठ दिवस चालतो पण कामधंदा बंद नसतो, दुकान उघडं, ऑफिस चालू, फक्त संध्याकाळी दिवे लावायचे.

मग एवढ्या धाकट्या सणाबद्दल रब्बी लोकांनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, दोन हजार वर्षं एवढं का लिहून ठेवलंय? माझं मत असं आहे की हनुका त्याच्या गोष्टीतून फारसा कळत नाही, तो कळतो दिवा लावायच्या नियमांतून. म्हणून गोष्ट पटकन उरकतो आणि नियमांवर जरा रेंगाळतो.

त्याआधी तारखेचं. हनुका किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला सुरू होतो. ज्यू पंचांग आपल्यासारखंच चंद्रावर चालतं आणि ऋतूंशी मेळ बसावा म्हणून १९ वर्षांत ७ अधिक महिने टाकतात, त्यामुळे इंग्रजी तारीख सरकत राहते, २०१३ मध्ये २७ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सुरू झाला होता आणि २०२४ मध्ये थेट २५ डिसेंबरला. महिना अमावास्येनंतर लागतो, म्हणजे २५ तारीख आपल्याकडच्या वद्य दशमी-एकादशीच्या आसपास येते आणि आठ दिवसांत अमावास्या येतेच येते. म्हणजे रात्री आधीच वर्षातल्या सगळ्यात मोठ्या, त्यात चंद्रही नाही.

यावर तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या जुन्या चर्चांच्या संग्रहात, एक मस्त गोष्ट आहे. आदामने आयुष्यातला पहिला हिवाळा बघितला, दिवस रोज थोडा थोडा लहान होतोय, आणि तो पार घाबरला की माझ्या पापामुळे जग परत अंधारात चाललंय. आठ दिवस उपास करत बसला. मग दिवस मोठा व्हायला लागला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की अरे, जगाची रीतच आहे ही, आणि त्याने आठ दिवस सण केला. तालमूद ही गोष्ट हनुकाशी जोडत नाही, ती दुसऱ्याच विषयात येते, पण ऐन थंडीतले आठ दिवस म्हटल्यावर वाचणाऱ्याच्या डोक्यात जोड लागतेच.

आता गोष्ट. इसवी सनपूर्व १६७ च्या सुमाराला यहुदिया प्रांतावर सेल्युकिद या ग्रीक घराण्यातल्या चौथ्या अँटिओकसचं राज्य होतं. त्याने सुंता, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), तोराह सगळ्यावर बंदी घातली आणि जेरुसलेमच्या मंदिरात ग्रीक देवाची वेदी बसवली. मोदीन नावाच्या गावातला मत्तिथ्याह नावाचा म्हातारा पुरोहित आणि त्याची पाच पोरं डोंगरात गेली, तिथून गनिमी काव्याने लढली, पोरांपैकी यहुदा मक्काबी पुढारी झाला आणि १६४ मध्ये मंदिर परत ताब्यात आलं, साफ केलं, नवी वेदी बांधली. एक गोष्ट सहसा सांगत नाहीत ती म्हणजे हे भांडण नुसतं परक्यांशी नव्हतं. मत्तिथ्याहने मोदीनमध्ये पहिला मारला तो ग्रीक वेदीवर बळी द्यायला पुढे आलेला एक ज्यूच होता. जेरुसलेममधले बरेच बडे लोक ग्रीक चालीरीतींवर खूश होते, खुद्द मुख्य पुरोहितानेच शहरात ग्रीक पद्धतीचा आखाडा उघडला होता.

आणि एका दिवसाचं तेल आठ दिवस जळलं ती प्रसिद्ध बरणी? तीच तर गंमत आहे. या लढाईबद्दलचे सगळ्यात जुने दोन ग्रंथ म्हणजे मक्काबींचं पहिलं आणि दुसरं पुस्तक, त्यात तेलाच्या चमत्काराचा एक शब्द नाही. दुसऱ्या पुस्तकात आठ दिवसांचं कारण साधं दिलंय, डोंगरात लपलेले असताना लोकांचा सुक्कोत हा शरद ऋतूतला आठ दिवसांचा सण बुडाला होता, तो त्यांनी मंदिर हातात आल्यावर त्याच धर्तीवर साजरा केला. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस या सणाला दिव्यांचा सण म्हणतो, पण तेलाचं तोही काही बोलत नाही.

मग सहाएकशे वर्षांनी बॅबिलोनचा तालमूद विचारतो, हनुका म्हणजे काय? आणि उत्तर देताना लढाई एका वाक्यात गुंडाळतो आणि सांगतो की मंदिरातलं सगळं तेल शत्रूने बाटवलं होतं, शोधाशोध केल्यावर मुख्य पुरोहिताचं सील असलेली एकच बरणी सापडली, तेल एका दिवसाचं, पण जळलं आठ दिवस. संपलं. तलवार नाही, शत्रूचे लढाईतले हत्ती नाहीत, यहुदा मक्काबीचं नावसुद्धा नाही.

काही लोक यावर लगेच म्हणतात की म्हणजे रब्बींनी गोष्ट रचली. मला वाटतं प्रश्न तो नाहीच. हे रब्बी कुठल्या काळात बसून बोलत होते ते बघा. मक्काबींचंच घराणं पुढे राजे झालं, राजपद आणि मुख्य पुरोहितपद दोन्ही एकाच माणसाच्या हातात, आणि शेवटी दोन भाऊ गादीसाठी भांडत बसले असताना इसवी सनपूर्व ६३ मध्ये रोमचा पाँपी आला आणि जेरुसलेम घेऊन बसला. मग इसवी सन ७० मध्ये मंदिर जळलं. मग १३२ ते १३५ रोमविरुद्ध बार कोखबाचं बंड, तेही रक्तात बुडालं. तलवारीने एकदा जमलं म्हणून परत जमेल या भरवशावर किती माणसं गेली ते या लोकांना पाठ होतं. म्हणून हनुकाच्या शनिवारी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, वाचायला त्यांनी जखऱ्या संदेष्ट्याचा जो भाग निवडला त्यात वाक्य आहे, बळाने नाही, शक्तीने नाही, तर माझ्या आत्म्याने, असं परमेश्वर म्हणतो. तरी लढाई त्यांनी पुसून टाकली असंही नाही. त्या दिवसांच्या खास प्रार्थनेत बलवान दुबळ्यांच्या हाती दिले, पुष्कळ थोडक्यांच्या हाती दिले असं स्पष्ट म्हटलंय, उलट तिथेच तेलाच्या आठ दिवसांचा उल्लेख नाही! म्हणजे दोन्ही धागे चालू ठेवले, फक्त घरी उंबरठ्यावर काय करायचं हे ठरवताना दिवा निवडला.

त्यातही एक अडचण होती. मंदिर परत उघडल्याचा सण, आणि मंदिरच राहिलं नाही. मग सण ठेवायचा कशाला? यावर खरंच वाद झाला. लोद गावात लोकांनी हनुकाच्या दिवशी चक्क उपास जाहीर केला, तर रब्बी एलिएझर गेले आणि मुद्दाम आंघोळ करून आले, रब्बी येहोशुआंनी केस कापून घेतले, म्हणजे उपासाच्या दिवशी जे करत नाहीत नेमकं तेच, आणि लोकांना म्हणाले की सणाला उपास केलात ना, आता त्याचं प्रायश्चित्त म्हणून परत उपास करा. (आज त्याच लोदमध्ये महाराष्ट्रातून गेलेले बेने इस्रायल लोक बरेच आहेत आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांचं मराठी ऐकलं तर आपल्याला रायगडातच असल्यासारखं वाटेल. मोदीनही तिथून जवळच.)

बेने इस्रायलचा विषय निघालाच आहे तर हे सांगायलाच पाहिजे. या समाजाची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, सात बायका आणि सात पुरुष वाचले. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने त्यांना शनवारतेली नाव दिलं. शेमा ही मुख्य प्रार्थना, सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम, काही सण त्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळले, पण हनुका त्यांच्याकडे नव्हता. पिढ्यान् पिढ्या तेल गाळणारा समाज आणि तेलाचाच सण माहीत नाही. समाजातले लोक यावरून म्हणतात की बघा, आमचे पूर्वज मक्काबींच्या आधीच निघाले होते, म्हणून ते साल इसवी सनपूर्व १७५ च्या आसपास धरतात. इतिहासकार एवढ्यावर ते मान्य करत नाहीत, नुसता सण विसरलाही असू शकतो. बाकीच्या ज्यूंशी संबंध आल्यावर १८व्या-१९व्या शतकात हळूहळू हनुका त्यांच्यात आला, मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ चं. भिंतीवर टांगायचा, चांदणीच्या आकाराचा, कड्यांमध्ये काचेच्या पेल्या बसवलेला हनुकाचा दिवा त्यांच्या घरांत दिसतो. पण हिवाळ्यातला त्यांचा खरा जिव्हाळ्याचा सण कुठला म्हणाल तर झाडांच्या नववर्षाचा, तू बिश्वात, तेव्हा एलियाहू हनाबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावाने मलिदा करतात, पोहे, खोबरं, साखर आणि फळं, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला जातात. त्यावर वेगळं लिहायला हवं.

पण यातून एक मुद्दा चांगला स्पष्ट होतो. हनुका वरून आलेला नाही, तो माणसांनी लावलेला सण आहे. आणि तरी दिवा लावताना जो आशीर्वाद म्हणतात त्यात देवाने आम्हाला हा दिवा लावायची आज्ञा दिली असंच म्हणतात. तालमूद स्वतःच विचारतो, कुठे दिली? आणि उत्तर देतो की तोराहमध्ये म्हटलंय ना, तुमच्या न्यायाधीशांनी जे सांगितलं त्यापासून ढळू नका, तीच आज्ञा. म्हणजे माणसांनी ठरवलेली गोष्टसुद्धा पवित्र होऊ शकते, असं मानायची तयारी या सणात आहे, मला हा भाग चमत्कारापेक्षा जास्त धाडसी वाटतो.

आता नियम. मंदिरातली मेनोरा सात दिव्यांची होती, हनुकाची नऊ दिव्यांची, आठ रात्रींचे आठ आणि एक जास्तीचा, त्याला शम्माश म्हणतात, म्हणजे सेवक. तो जरा उंच किंवा बाजूला असतो. हा कशाला? कारण हनुकाच्या आठ दिव्यांचा उजेड वापरायला बंदी आहे. त्या उजेडात पुस्तक वाचायचं नाही, पैसे मोजायचे नाहीत, पडलेली सुई शोधायची नाही. दिवे लावल्यावर म्हणतातच की हे दिवे पवित्र आहेत, ते वापरायची आम्हाला परवानगी नाही, फक्त बघायची आहे. चुकून उजेडाचा उपयोग झालाच तर तो शम्माशचा झाला असं धरायचं. आपल्याकडे देवघरातल्या निरंजनाच्या उजेडात कोणी पेपर वाचत नाही, तसंच थोडंसं, फक्त इथे तो लिहून ठेवलेला कायदा आहे. सगळ्या अध्यात्माचं मूळ मला इथे दिसतं, दिवा लावण्याचं एकच कारण, तो दिसावा. त्यातून काही मिळवायचं नाही.

आणि कोणाला दिसावा? रस्त्यावरच्या माणसाला. दिवा घराच्या दाराबाहेर ठेवायचा, वरच्या मजल्यावर राहत असाल तर रस्त्याकडच्या खिडकीत. किती वेळ? सूर्यास्तापासून बाजारातली पावलं थांबेपर्यंत, आणि तालमूद म्हणतो की बाजारातून सगळ्यात शेवटी जाणारे म्हणजे तर्मोदी लोक, हे पाल्मायराकडचे, सरपण विकणारे. इतर सगळे घरी जाऊन काळोख झाल्यावर कोणाला लाकडं कमी पडली तर ती विकत हे लोक मागे थांबलेले असायचे. म्हणजे दिव्याची वेळ ठरवली ती बाजारातल्या शेवटच्या परक्या लाकूडविक्याच्या पायांवरून. हल्ली साधारण अर्धा तास तरी जळायला हवा असं धरतात.

याच्याच पुढे एक कोरडं वाक्य आहे, धोक्याच्या काळात टेबलावर ठेवला तरी पुरे. हे वाक्य कितीतरी देशांत कितीतरी शतकं कामी आलं. पण उलटंही झालंय. हिटलर सत्तेवर यायच्या थोडंच आधी जर्मनीतल्या कील शहरात राखेल पोझनर या रब्बींच्या पत्नीने खिडकीत ठेवलेल्या मेनोराचा फोटो काढला, समोरच्या इमारतीवर स्वस्तिकाचा भला मोठा झेंडा लटकतोय आणि अलीकडे खिडकीत ही मेनोरा. फोटोच्या मागे त्यांनी जर्मनमध्ये दोन ओळी लिहिल्या, त्यांचा आशय असा की झेंडा म्हणतो ज्यू संपला पाहिजे, दिवा उत्तर देतो तो कायम जगेल. १९३३ मध्ये ते कुटुंब जर्मनीतून बाहेर पडलं. मेनोरा पुढे जेरुसलेमच्या याद वाशेम संग्रहालयात गेली.

पुढचा नियम म्हणजे किती दिवे. नुसता कायदा पाळायचा तर रोज रात्री घरात एक दिवा पुरतो, आठही दिवस एकच. आणखी नीट करायचं तर माणशी एक. आणि अगदी उत्तम करायचं तर काय, यावर शम्माय आणि हिल्लेल या दोन जुन्या परंपरांचं भांडण आहे. शम्मायवाले म्हणतात पहिल्या दिवशी आठ लावा आणि रोज एक कमी करत जा. तर्काने बघाल तर हेच बरोबर वाटतं, बरणीतलं तेल रोज कमीच होत होतं ना. हिल्लेलवाले म्हणतात पहिल्या दिवशी एक आणि रोज एक वाढवा, कारण पवित्र गोष्टीत वर चढत जायचं असतं, खाली उतरायचं नसतं. हिल्लेल जिंकले. आज जवळजवळ सगळे ज्यू हीच सगळ्यात वरची पद्धत करतात, जे इतर बाबतीत काही पाळत नाहीत तेसुद्धा, किमान कायद्यावर कोणीच थांबत नाही, हे मला फार गमतीशीर वाटतं.

एक ते आठ बेरीज करा, ३६ होते. पुढच्या काळातल्या गूढवादी परंपरेत या ३६ वर बरंच काही रचलं गेलं. उत्पत्तीच्या पहिल्या दिवशी देवाने उजेड केला पण सूर्य तर चौथ्या दिवशी आला, मग तो पहिला उजेड कुठला? तर तो वेगळाच उजेड होता, आदामला तो ३६ तास मिळाला आणि मग लपवून ठेवला, आणि हनुकाच्या ३६ दिव्यांत त्याची झलक दिसते. हसिदी या ज्यू भक्तिपंथाच्या गुरूंनी हेच आणखी जवळ आणलं, सीलबंद बरणी म्हणजे माणसाच्या आतली अशी एक जागा जी कितीही काही झालं तरी बाटत नाही, बाहेरचं सगळं मंदिर बाटलं तरी ती कोपऱ्यात असतेच, फक्त शोधावी लागते. बायबलच्या नीतिसूत्रांत वाक्य आहेच, माणसाचा आत्मा हा परमेश्वराचा दिवा. ऐकायला हे सगळं गोड आहे, पण मला त्याहून पुढचे दोन खुसपट काढणारे प्रश्न जास्त आवडतात.

पहिला १६व्या शतकातले ज्यू कायदेपंडित योसेफ कारो यांचा. तेल एका दिवसाचं होतं ना? मग पहिल्या दिवशी ते जळलं यात चमत्कार कसला? चमत्कार सातच दिवसांचा, मग सण आठ दिवस का? कारोंनी स्वतः तीन उत्तरं दिली, एक असं की तेलाचे आठ वाटे केले होते आणि प्रत्येक वाटा पूर्ण दिवस जळला, दुसरं असं की ओतल्यावरही बरणी भरलेलीच राहिली, तिसरंही त्याच वळणाचं. नंतरच्या लोकांनी ढिगाने उत्तरं दिली. एक असं की पहिला दिवस लढाई जिंकल्याचा. आणि एक उत्तर प्रवचनांत फार चालतं, नवं शुद्ध तेल तयार व्हायला आठवडा लागणार, हातात आहे एका दिवसाचं, हे माहीत असूनसुद्धा कोणीतरी म्हणालं लावूया आत्ता, तो पहिल्या दिवसाचा चमत्कार.

दुसरा प्रश्न १८व्या शतकातल्या एका रब्बींचा, आणि हा खरा जोरदार आहे. ते म्हणतात, सगळा समाजच अशुद्ध असेल तेव्हा मंदिराची सार्वजनिक सेवा अशुद्ध अवस्थेतही चालते असा कायदा आहे, म्हणजे बाटलेलं तेल वापरलं असतं तरी चाललं असतं! चमत्काराची गरजच नव्हती. मग तो झाला कशाला? त्यांचं उत्तर, नुसत्या प्रेमापोटी. गरज म्हणून नाही, देवाचा जीव त्यांच्यावर आहे हे कळावं म्हणून. आता हे उत्तर आणि तो उजेड न वापरायचा नियम शेजारी ठेवून बघा, गरज नसताना मिळालेलं तेल आणि उपयोग न करायचा उजेड, किती चपखल बसतात.

शेवटी पैशाचं, कारण ज्यू कायद्यात तेही येतंच. १२व्या शतकात मैमोनिदीस या ज्यू कायदेपंडिताने लिहिलंय की भिकेवर जगणाऱ्या माणसानेही हनुकाचा दिवा लावायचा, पैसे नसतील तर उसने घ्यायचे किंवा अंगावरचं वस्त्र विकायचं. एवढा कडक. आणि लगेच पुढे विचारतो, समजा त्याच्याकडे एकाच दिव्याचे पैसे आहेत आणि शुक्रवार आहे, शब्बाथसाठी घरात लावायचा दिवा आणि हनुकाचा दिवा यातला एकच घेता येतो, तर? घरातला घ्यायचा. कारण त्या उजेडात बायकापोरं बसून जेवतात, घरात काळोख असला की माणसं एकमेकांवर चिडतात, आणि घरातली शांती चमत्काराच्या जाहिरातीपेक्षा मोठी.

दोन्ही परवडत असतील तर प्रश्नच नाही. फक्त शुक्रवारी क्रम सांभाळावा लागतो, हनुकाचे दिवे आधी आणि शब्बाथचे नंतर, कारण शब्बाथचे लागले की मग पुढे आग पेटवता येत नाही, आणि हनुकाच्या दिव्यांत तेल जरा जास्त घालावं लागतं कारण ते नेहमीपेक्षा लवकर लागलेले असतात. २०२६ मध्ये पहिलीच संध्याकाळ शुक्रवारची आहे, ४ डिसेंबर.